चारची घंटा

तिसऱ्या देवळातून आमचे साडू पाच मिनिटांत बाहेर आले. पहिल्यात ते नऊ मिनिटं टिकले होते, दुसऱ्यात सात. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली की माणसाला मोजल्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे हा उतरता क्रम माझ्या डोक्यात आपोआप नोंदला गेला.

"झालं दर्शन?" मी विचारलं.

"बुद्ध आहे. बसलेला आहे. बघितला." ते बूट चढवू लागले. "ती कुठाय?"

ती म्हणजे त्यांची बायको, आमच्या हिची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का आत लाकडी जमिनीवर मांडी घालून बसली होती. घरी गुडघ्यांचं नाव सांगून खुर्चीशिवाय न बसणारी बाई इथे दर देवळात अर्धा अर्धा तास मांडी ठोकून बसत होती आणि कुठलाही गुडघा तक्रार करत नव्हता. मला गुडघ्यांचाच संशय यायला लागला होता.

साडू बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण लोक अजून त्यांना कंट्रोलरच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक वेळापत्रक चिकटवलेलं आहे. चहा पाच चाळीस, आंघोळ सहा दहा. अक्काची दुपारची झोपसुद्धा त्यात आहे, दोन ते दोन पंचवीस. तिने ते कधी फाडलं नाही. फक्त सहा महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती या परक्या देशात आली, आणि तीन महिन्यांनी परतायचं तिकीट तिने एकदा पुढे ढकललं, मग पुन्हा एकदा ढकललं.

शेवटी कंट्रोलर स्वतः न्यायला निघाले. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. शुक्रवारची चार तिकिटं काढलेली होती. आज मंगळवार. अक्का येणार की नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. कंट्रोलरनी विचारलंही नव्हतं. ते दर दोन तासांनी एवढंच जाहीर करत, "शुक्रवारी सकाळी सहाला घरातून निघायचं." त्यावर अक्का म्हणे, "हं."

या 'हं'ने त्यांची झोप उडाली होती. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते घरात येरझाऱ्या घालत. शेवटी भाचीने वैतागून एक गाडी ठरवली, हातात कागद दिला आणि म्हणाली, "काका, यांना जरा देवळं, खेडी दाखवून आणा. बाबांमुळे बाळ झोपत नाहीये."

कागदावरचं शेवटचं ठिकाण होतं टेकडीवरचं एक जुनं देऊळ आणि त्याच्या पायथ्याचं खेडं. आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खाली पंचवीसेक लाकडी घरं. प्रत्येकाच्या भिंतीला सरपण इतकं नीट रचलेलं, की माझ्या हाताखालच्या माणसांनी लोखंडी पाइपसुद्धा कधी तसे रचले नव्हते. मधून एक ओढा, त्यावर दोन फळ्यांचा पूल, आणि पलीकडे वेगळी पडलेली चार घरं. माणूस कुठे दिसत नव्हता. सगळे शेतात असावेत.

देवळाच्या अंगणात चार खांबांवर छप्पर आणि त्याखाली माणसाएवढी घंटा. शेजारी दोरांना टांगलेला ओंडका. तो झुलवून घंटेवर आदळायचा. भाचीच्या कागदावर लिहिलं होतं, 'चार वाजता घंटा वाजते. जरूर ऐका.'

अक्का आत जाऊन बसली. आमची ही तिच्या शेजारी. कंट्रोलर घंटेपाशी उभे राहिले.

चार वाजले. कोणी आलं नाही.

"चार झाले," कंट्रोलर म्हणाले.

"येईल कोणीतरी."

"चार म्हणजे चार." चार वाजून पाच मिनिटांनी ते घंटेला एक प्रदक्षिणा घालून आले. चार वाजून आठ मिनिटांनी दुसरी. "इथे ड्यूटीवर कोण असतं? असा एक माणूस माझ्या डेपोत असता ना..."

"अहो, देऊळ आहे हे."

"म्हणून काय झालं? लोक वाट बघत असतील खाली."

खाली कोणीही वाट बघत नव्हतं. वाट बघणारा त्या डोंगरात एकच माणूस होता आणि तो माझ्यासमोर घामाघूम झाला होता. त्याला घंटा ऐकायची नव्हती. आपल्याला कळत नाही अशी एखादी तरी गोष्ट वेळेवर व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त पायरीपाशी काढलेले बूट मोजत होतो.

चार वाजून बारा मिनिटांनी त्यांनी ओंडका धरला.

"कंट्रोलर, नका हं!"

पहिला ठोका माझ्या दातांत वाजला. मग दुसरा, तिसरा, चौथा, मध्ये श्वास नाही. शाळेची घंटा देतात तसा त्यांनी तो ओंडका धडाधड चालवला. चांगले वीस ठोके दिले आणि मनगटावर बघून म्हणाले, "बारा मिनिटं लेट. पण सुटली एकदाची."

मग खालून ओरडा ऐकू आला.

माणसं टेकडी चढून पळत येत होती. बादल्या घेतलेल्या बायका, खांद्यावर शिडी टाकलेले दोघे, अर्ध्या गालाला साबण फासलेला एक गृहस्थ. सगळ्यांच्या पुढे, चिखलाने भरलेलं खुरपं हातात घेऊन, देवळाचा म्हातारा भिक्खू. आमचा ड्रायव्हर गाडीतून उडी मारूनच आला. त्याची मोडकी इंग्रजी आणि माझी मोडकी इंग्रजी जुळायची.

"आग! कुठे आहे आग?" तो म्हणाला.

तेव्हा कळलं. रोजची घंटा म्हणजे एक ठोका, मग बराच वेळ शांतता, मग दुसरा. न थांबता वाजली की गावात आग लागली.

चाळीस-पन्नास माणसं धापा टाकत उभी. कंट्रोलरच्या हातात अजून दोर होता. त्यांनी माझ्या हातातला भाचीचा कागद ओढला, घड्याळाकडे बोट दाखवलं, चार बोटं वर केली. साबणवाल्याने आपल्या गालाकडे बोट दाखवलं. एक बाई हसली, मग तिच्या मागच्या दोघी. एकाने मात्र बादली दाणकन आपटली आणि काहीतरी बोलला. ते भाषांतर करायला ड्रायव्हर तयार झाला नाही.

"घंटा किती वाजता असते, विचारा यांना," कंट्रोलर मला हळूच म्हणाले.

ड्रायव्हरने विचारलं. भिक्खूने खुरपं दाखवलं. तण काढून झालं की तो घंटा वाजवतो. कधी चारला, कधी सव्वापाचला.

"म्हणजे टाइम ठरलेलाच नाही?" कंट्रोलरचा चेहरा असा झाला, जणू डेपोतल्या सगळ्या बस एकदम पंक्चर झाल्या असाव्यात.

भिक्खू रागावला नाही. तो फक्त ओढ्यापलीकडे बघत राहिला आणि काही बोलला. तिथे म्हातारी माणसं राहतात, ड्रायव्हरने सांगितलं. त्यांना चढण होत नाही. ती आता घरातलं सामान बाहेर काढत असतील. कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

कोणी, ते त्याने सांगितलं नाही. सगळं गाव कंट्रोलरकडे बघत होतं.

"चला," अक्का मागून म्हणाली. ती केव्हा बाहेर आली होती कोण जाणे. "आग नाही, एवढं मला त्यांच्या भाषेत येतं. लेकीच्या शेजारणीने शिकवलंय."

"कशाला शिकवलं तिने ते?"

"फोडणी द्यायचे तेव्हा धूर व्हायचा. ती धावत यायची."

आम्ही चौघं पूल ओलांडून गेलो. पहिल्या घराच्या अंगणात शिवणयंत्र, दोन गाद्या आणि एक बकरी. म्हातारा धापा टाकत धान्याची कोठी ओढत होता. अक्काने आपले दोन शब्द सांगितले. त्याने कपाळावर हात मारला. कंट्रोलरनी न बोलता शिवणयंत्र उचललं. दुसऱ्या घरी एका म्हातारीची भांडी आणि तिच्या नवऱ्याचा फोटो, फोटो गोधडीत गुंडाळलेला. तिसऱ्या घरी एक कपाट, ते दारातच अडकलेलं. एवढ्याशा म्हातारीने ते तिथवर कसं आणलं, हे मला अजून उमगलेलं नाही. ते परत आत ढकलताना कंट्रोलरच्या मनगटाजवळ सालटं निघालं. अक्काने रुमाल दिला. त्यांनी बांधला. एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही, कारण घड्याळ रुमालाखाली गेलं होतं.

चौथ्या घराच्या अंगणात फक्त एक खुर्ची होती आणि तिच्यावर एक आजी. बाकी काहीच बाहेर काढलेलं नव्हतं. आग नाही म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि आम्हाला पायरीवर बसायची खूण केली.

बसलो. उचलायला काही नव्हतं, त्यामुळे कंट्रोलरची पंचाईत झाली. ते गुडघा हलवू लागले.

"घरात आग लागली, तर तुम्ही काय काढाल हो बाहेर?" अक्काने समोर बघत विचारलं.

"तुला."

"मी बाहेरच आहे. सहा महिने झाले."

आमच्या हिने मला कोपराने ढोसलं. म्हणजे, उठा. मी उठलो नाही. असं ऐकायला पुन्हा कुठे मिळणार?

गुडघा हलायचा थांबला. कंट्रोलर बराच वेळ त्या रुमालाची गाठ चाचपत होते. मग त्यांनी विचारलं. माझ्या माहितीप्रमाणे एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुला यायचंय का?"

"नाही," अक्का म्हणाली. मग जरा वेळाने, "शुक्रवारी नाही."

"मग कधी?"

"हे असं तुमचं. लगेच 'कधी?'"

"बरं, बरं. माझ्यावर रागावलीयेस?"

"रागावले असते तर पहिल्याच वर्षी गेले असते. मला इथे सकाळी उठल्यावर काय करायचं ते माहीत नसतं. बरं वाटतं."

"मला नाही वाटत बरं," कंट्रोलर म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की आजीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मला सकाळी उठल्यावर दोन कप दिसतात. एकच भरायचा असतो."

अक्का उठली नाही.

पलीकडे टेकडीवर घंटा वाजली. एकच ठोका. आम्ही सगळे दुसऱ्याची वाट बघत राहिलो. तो येता येईना. मी मनात आकडे म्हणायला लागलो आणि तिसावर सोडून दिले. कंट्रोलरचा हात दोनदा रुमालाखालच्या घड्याळाकडे गेला आणि दोनदा परत आला.

"विमानतळावर सोडायला तरी येशील?" त्यांनी विचारलं.

"येईन."

"घरातून किती वाजता..." ते थांबले. "तू सांग."

"बघू," अक्का म्हणाली.

कंट्रोलर उठायला म्हणून पायरीवर थोडे पुढे आले, मग पुन्हा मागे सरून बसले. दुसरा ठोका अजून व्हायचा होता.