मागचं दार

शटर निम्मं खाली आलं तेव्हा सिंधूताईनं आपलं लोखंडी स्टूल पायानं त्याच्याखाली सरकवलं. शटर स्टुलावर आदळलं आणि थरथरत तिथंच थांबलं. बाहेरून ते ओढणारा चौकीदार बळीराम वाकून आत पाहू लागला.

"स्टूल काढा, सिंधूताई," चंपतराव पायरीवरून म्हणाले.

"हवा येऊ द्या जी जराशी."

"पंखा आहे ना."

"पंखा कालही होता. लाईट गेली तं बंद पडला."

चंपतराव इतवारीतल्या त्या कापडदुकानाचे सुपरवायझर होते. मालक भैय्याजी दुपारी जेवायला जात ते पुन्हा फिरकत नसत; संध्याकाळचं दुकान चंपतरावांचं. पोळ्याच्या आसपास टेरिलिनचे दोन ठाण गायब झाले. कोणी नेले ते कळलं नाही, पण तेव्हापासून त्यांनी नवा नियम काढला. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की शटर पाडायचं, बळीरामनं बाहेरून कुलूप घालायचं, आणि आत तिघी बायांनी दिवसाचं काम उरकायचं. सिंधूताईनं गल्ला मिळवायचा, वच्छलानं बिलं लावायची, प्रेमलतानं दिवसभर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. चंपतराव तोवर समोरच्या हॉटेलात बसत. मग येऊन कुलूप उघडायला लावत आणि दारात उभे राहून प्रत्येकीची पिशवी तपासत.

आदल्या दिवशी लाईट गेली होती. वच्छलानं मेणबत्ती लावली. प्रेमलताला सहावा महिना होता. अंधारात तिला घाबरल्यासारखं झालं आणि तिनं शटर बडवलं. बळीराम पानठेल्यावर गेला होता. मेणबत्तीचं मेण साड्यांच्या गठ्ठ्यावर टपकलं तेव्हा सिंधूताईनं फुंकर मारून ती विझवली. लाईट येईपर्यंत तिघी एकमेकींचे हात धरून अंधारात बसल्या होत्या. सिंधूताईचा बाप हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये होता. कापसापाशी बसायचं तर आधी दार कुठं आहे ते पाहून बसावं, असं तो सांगायचा.

"मागच्या दाराची तरी किल्ली द्या आमच्याजवळ," ती आता म्हणाली.

"ती भैय्याजींच्या घरी राहते. किती वेळा सांगू?"

"मंग आणा."

"तुम्ही मले हुकूम देऊन राहिल्या काय?"

प्रेमलतानं मागून तिचा पदर ओढला. "जाऊ द्या ना वं ताई. नोकरी जाईल."

सिंधूताईला ते ठाऊक होतं. मिलमधून कमी केल्यापासून तिचा नवरा देवराव घरीच होता. इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत तिच्या पगाराशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तरी तिनं स्टुलावरचा पाय काढला नाही.

"धोका नाही ना काही," ती म्हणाली. "तं आज तुम्ही आत बसा आमच्यासंगं."

बाहेर बळीराम ऐकत होता. शेजारच्या भांड्याच्या दुकानातला माणूसही ऐकत होता. चंपतरावांनी रुमालानं मान पुसली.

"बसतो. त्यात काय?"

त्यांनी आत येऊन स्वतः स्टूल उचललं. शटर खाली आलं, बाहेर कुलूप खटकन लागलं आणि बळीरामच्या वहाणा फरफटत दूर गेल्या.

ऑक्टोबरचा उकाडा होता. पंखा गरम हवाच फिरवत होता. चंपतराव गादीवर बसले, उठले, पुन्हा बसले. एकदा शटरपाशी जाऊन त्यांनी कान लावला. सिंधूताई नोटा लावत होती, पण तिचं लक्ष त्यांच्या पावलांकडे होतं.

"तुम्ही रोज एवढा वेळ लावता?" त्यांनी विचारलं.

"रोज एवढाच लागते जी."

वच्छलानं मान वर केली. नाक ओढलं.

"कायचा वास येऊन राहिला?"

"बाहेरून येत असंन," चंपतराव म्हणाले. "कोणी कचरा जाळला असंन."

वास वाढला. रबर जळल्यासारखा, मग कापड जळल्यासारखा. शो-केसमधली ट्यूब फडफडली आणि विझली. काचेमागं, पुतळ्याला नेसवलेल्या नायलॉनच्या साडीवर, एक काळा ठिपका हळूहळू रुंद होत होता. त्यातून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

चंपतरावांनी शटरवर दोन्ही मुठी आपटल्या. "बळीराम! अरे ए बळीराम!"

शटर दणदणलं. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत राहिल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. मग ते वळले. प्रेमलताला जवळजवळ ढकलून, गल्ल्याच्या टेबलाला ठेचकाळत ते मागच्या खोलीत गेले. तिथं ठाण सरकवल्याचा आवाज आला, किल्ली फिरल्याचा आवाज आला, आणि दुकानात एकदम बाहेरची हवा शिरली.

"मेन बंद कर वं," सिंधूताई ओरडली. वच्छलानं खटका खाली ओढला. सिंधूताईनं माठ उचलून शो-केसची झडप उघडली आणि सगळं पाणी पुतळ्यावर ओतलं. फस्स झालं. धूर दाट झाला, मग विरळ होऊ लागला. ट्यूबचा चोक जळाला होता, तेवढंच.

प्रेमलताला दोन्हीकडून धरून त्या मागच्या बोळात आल्या. ती खोकत होती, एक हात पोटावर होता. बोळात चंपतराव नव्हते. ते पार कोपऱ्यावर, पिंपळाजवळ उभे होते. या तिघींना पाहून ते सावकाश परत आले.

मागच्या दाराच्या कुलपात किल्ली लटकत होती. तिला चंपतरावांच्या घरचा छल्ला होता, त्यात त्यांच्या सायकलची किल्लीही होती. तिघी तिच्याकडे पाहत होत्या.

"आजच आणली होती भैय्याजींकडून," चंपतराव म्हणाले.

कोणी काही विचारलं नव्हतं.

सगळी आत परतल्यावर त्यांनी दार लावून किल्ली खिशात टाकली. थोड्या वेळानं बळीरामनं समोरचं कुलूप उघडलं. चंपतराव सवयीनं दारात उभे राहिले. सिंधूताईनं आपली पिशवी त्यांच्यापुढं पूर्ण उघडून धरली. त्यांनी आत पाहिलं नाही.

"जा," ते म्हणाले.

त्या रात्री तिनं देवरावला सगळं सांगितलं.

"आता तं ते दार खुलं ठेवतीलच," तो म्हणाला.

सकाळी ती दुकानात आली तेव्हा मागच्या खोलीतून थापीचा आवाज येत होता. ती आत गेली. दाराची चौकट उखडून भिंतीला टेकवली होती. जिथं दार होतं तिथं गवंडी विटा रचत होता. छातीएवढं काम झालं होतं. वरून बोळातला उजेड आत येत होता. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं आणखी एक वीट बसवली.

"काहून गा, काय करून राहिले हे?" तिनं बळीरामला विचारलं.

बळीरामनं तिच्याकडे पाहिलं नाही. "भैय्याजीचा हुकूम आहे. चंपतरावसाहेब रात्रीच गेलते त्यांच्या घरी. मागच्या दारानं माल जाते म्हणे. काल बायायनं ते दार खोलून घेतलं म्हणे."

दिवसभर सिंधूताईनं गिऱ्हाईकांचे पैसे घेतले, सुटे परत दिले. शो-केसमधल्या पुतळ्याला नवी साडी नेसवली गेली. दुपारनंतर थापीचा आवाज थांबला आणि मागून ओल्या सिमेंटचा वास येऊ लागला. वच्छला एकदा मागं जाऊन भिंतीला हात लावून आली. बोटं पदराला पुसत ती आपल्या जागी बसली.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. चंपतरावांनी घड्याळ पाहिलं आणि हिशेबाचे कागद चाळत म्हणाले, "चला, उरका."

सिंधूताईनं गल्ल्याची लाकडी पेटी दोन्ही हातांनी उचलली. ती पायरी उतरून ओट्यावर गेली, पेटी मांडून बसली आणि मोजू लागली. वच्छला बिलं घेऊन तिच्या शेजारी टेकली. प्रेमलता क्षणभर साड्यांपाशी घुटमळली. मग एक गठ्ठा छातीशी धरून तीही बाहेर आली.

"हे काय?" चंपतराव आतून म्हणाले. "लोक पाहून राहिले ना."

"पाहू द्या," सिंधूताई म्हणाली.

"उद्या तिघींचा हिशेब करून टाकतील भैय्याजी. समजलं?"

"समजलं जी."

भांड्याच्या दुकानातला माणूस पायरीवर येऊन उभा राहिला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थबकले. शटर ओढायचा आकडा हातात धरून बळीराम मधोमध उभा होता. त्यानं ओट्यावरच्या बायांकडे पाहिलं, मग आत पाहिलं.

"पाडू काय, साहेब?"

चंपतराव आतच होते, कागद हातात घेऊन. ते झटकन बाहेर आले. पायरीवर त्यांची एक चप्पल निसटली, ती तशीच राहिली. रस्त्यावर पोचल्यावर मग ते म्हणाले,

"हं. पाड आता."