पहिल्या पिकरचे पापुद्रे

रुपालीचं लग्न झालं त्याच शहाण्णव सालच्या वैशाखात, तिचा बाप भटू उधन्याच्या कारखान्यात व्हाइसच्या लोखंडी पकडीपाशी मान खाली घालून उभा होता. शेठनी व्हाइसमध्ये आवळलेला पिकर वाकवला. मागावर धोट्याला टोला देणारा हा प्लास्टिकचा ठोकळा. कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटले.

"जयंतभाई, तमारो पावडर नकामो छे. पाचवी खेप फुकट! उद्यापासून दुसरा केमिस्ट बघतो."

जयंतचा चेहरा उतरला. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांना धरत नाहीत. त्यांना धरून ठेवणारी पावडर त्यानं दोन वर्षं खपून बसवली होती. अट एकच, नायलॉनचा दाणा ठणठणीत कोरडा हवा. भटू तो चार तास भट्टीत वाळवायचा. त्यात हयगय नाही.

"मग ओल येते कुठून?" जयंत पुटपुटला.

भटूनं खेपेतला शेवटचा पिकर उचलला, आवळला, अंगातला जोर लावून वाकवला. वाकला, पण सुटला नाही. म्हणजे पहिला सुटतो, आणि तपासायला नेहमी पहिलाच जातो!

भटूनं मशीनपुढच्या नारळाच्या करवंट्यांकडे पाहिलं. प्रत्येक नव्या खेपेला तो मशीनपुढे नारळ फोडायचा आणि डोळे मिटून पाणी मशीनमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या दाण्यावर शिंपडायचा. बारा वर्षांचा रिवाज. पूर्वी नुसतं पॉलिप्रॉपिलीन असायचं, ते पाणी पीत नाही. नायलॉन पितं.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं.

"शेठ, पावडरले नावं ठेवू नका. दाणा मी भिजवला. नारळाच्या पाण्यानं."

मारुती फिटर हसला. "भटूभाऊ, देवाचं पाणी ते! त्यानं कुठं बिघडतं?"

"देवले चालतं रे. नायलॉनले नही चालत."

"इतके दिवस कां नही बोल्या?" शेठ कडाडले.

"आत्ता कळलं, आत्ता बोललो. नवी खेप लावू द्या. सुटला तर मले काढा, साहेबाले नको."

त्यानं दाणा वाळवला, नारळ दाराबाहेर फोडला, हात पुसून आत आला. संध्याकाळी पहिला पिकर शेठनी वाकवला, मग मारुतीनं. घामाघूम झाले दोघं. पापुद्रा सुटला नाही. दुसऱ्या केमिस्टचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे भटूला स्मशानात नेताना त्याच्या गणगोतातले तिघेच वेळेवर पोचले. चौथा खांदा जयंतनं दिला. भटू वारला तो अठ्ठ्याण्णव साली, होळीच्या दोन दिवस आधी.