उंच दातांचा टायर

बिडकीनची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि काकासाहेब एकुलत्या एका लेकीला, श्रेयाला, घेऊन शहरात राहायला आले. बायको आधीच वारलेली. गावात ट्रॅक्टरला कुठला टायर घालावा, पेरणी कधी धरावी, हे विचारायला माणसं त्यांच्याकडं यायची. इथं दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पाण्याचा टँकर आला की खाली उभं राहून वरच्या मजल्यांना हाका मारायच्या, एवढंच काम उरलं होतं.

श्रेया दहावीत होती. शाळेतल्या सरांमुळं तिला उंचवट्यांवरून उड्या घेणाऱ्या बीएमएक्स सायकलचं वेड लागलं. दुष्काळात शहराबाहेरचा तलाव आटला होता. त्याच्या तळात मातीचे उंचवटे रचून शर्यतीची वाट केली होती. तिथंच जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती. काकासाहेबांनी ती वाट अजून पाहिली नव्हती. सायकलची चाकं वाकडी झाली होती, म्हणून बापलेक शहागंज बाजारात फकिराच्या सायकलच्या दुकानी गेले.

श्रेया आधी आत गेली. काकासाहेब गाडी लावून आले, त्यांनी एक चाक उचललं आणि एकेक आरा बोटानं वाजवून पाहिला.

"छत्तीस आऱ्यांचीच चाकं द्या. कमी आऱ्यांचं उडीला टिकायचं नाय."

"पारख हाय तुमची," फकिरा म्हणाला.

काकासाहेबांना हुरूप आला. बारीक नक्षीचा, जवळजवळ गुळगुळीत टायर त्यांनी अंगठ्यानं दाबला. "हाच घ्यावा. आता चहूकडं डांबरी रस्ते झालेत. दातांचा टायर ओढतो अन् झिजतोही लवकर. ह्यो हलका हाय, पळंल." मग हवा किती भरावी, उन्हात ट्यूब कशी फुगते, ते बोलतच राहिले.

"घ्या अप्पा, हाच घ्या," श्रेया म्हणाली.

निवडीच्या दिवशी दुसऱ्याच वळणावर भुसभुशीत मातीत पुढचं चाक निसटलं आणि श्रेया उजव्या कोपरावर आदळली. दोनदा ऑपरेशन झालं, तरी हात पुरता वाकेना. सायकल सुटली. त्या मातीला दातांचाच टायर हवा होता, हे काकासाहेबांना तिथं पाहिल्यावर कळलं होतं.

तीन महिन्यांनी काकासाहेब एकटेच शहागंजात गेले. "तुम्ही तर जाणकार. मला तेव्हाच का नाय टोकलं?"

फकिरा हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "टोकणार होतो. तुम्ही यायच्या आधी पोरीनं उंच दातांचा टायर काढून ठेवला होता. तुम्ही बोलायला लागलात तसा तिनं तो मागं सारला. मला नजरेनंच गप्प केलं."

काकासाहेब घरी आले. श्रेया पुस्तक घेऊन बसली होती.

"तुला ठाऊक होतं, व्हय ना?"

तिनं पुस्तक मिटलं. "लई दिवसांनी तुम्ही गावाकडच्यासारखं बोलत होता, अप्पा. वाटलं, सावरीन मी."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका हातानं केसांशी झटत होती. त्यांनी तिच्या हातातला कंगवा घेतला. हात मोडल्यापासून शेजारच्या बाई वेणी घालून द्यायच्या. त्यांनी कधी घातली नव्हती. कशीबशी घातली, ती एका बाजूला कलली.

"वाकडी झाली का गं?"

श्रेयानं आरशात पाहिलं. "नाय अप्पा, नीट हाय."

काकासाहेबांनी वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.