सासूच्या खाटेखालची लाकडं

संपात गिरणी गेली आणि आम्ही परळची खोली सोडून आरे कॉलनीत एका झोपडीत आलो. झोपडी एवढीशी, चूल पेटली की दोघांनी बाहेर बसायचं. पण माझ्या नवऱ्याने, गुणाजीने, तिथेही गावाकडचंच वर्ष मांडलं. मे महिन्यात पावसाची बेगमी सुरू झाली. ह्यांनी कुडाला बाहेरून झावळ्या बांधल्या, सुके बांगडे डब्यात भरले, लाकडं फोडली.

लाकडांचे दोन ढीग झाले. एक चुलीपाशी गेला. दुसरा, आंब्याच्या जाड लाकडांचा, हे सासूबाईंच्या खाटेखाली रचायला लागले. दुसरीकडे जागाच नव्हती. त्या वर झोपल्या होत्या. तो ढीग कशासाठी, ते कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

"अहो, लाज नाही वाटत? आई जिवंत आहे तुमची! आणि हे काय गाव आहे? इथे स्मशानात लाकूड मिळतं."

"पावसात तेही ओलंच असतं," हे खाली बघत म्हणाले. "बाबा श्रावणात गेले. किती रॉकेल ओतलं, तरी पेट घेईना. आईचं तसं नको."

खाट कुरकुरली. सासूबाई उठून बसल्या होत्या. मी जीभ चावली. त्यांनी वाकून एक लाकूड ओढलं, बोटाने ठोकून बघितलं, हुंगलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्यां ओलां आसा गो," त्या म्हणाल्या. "उनात घाल. अजून येळ आसा."