लाल फडक्यातला बटाटा

आमच्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, परिचारिका, लिफ्टवालेसुद्धा कामं टाकून आले होते. काचेपलीकडच्या गार खोलीत आमचा अवाढव्य संगणक, त्याच्यापुढे त्याचा वेग वाढवायला आमच्या विभागाच्या साहेबांनी बोलावलेले संगणकबाबा, आणि बाबांच्या तळहातावर लाल फडक्यात गुंडाळलेला वेगमणी. कोपऱ्यात त्यांचा शिष्य लॅपटॉपवर म्हणे जप मोजत होता.

बाबांनी मणी यंत्राच्या माथ्यावर ठेवला. एरवी जुन्या रुग्णाची माहिती यायला दोन मिनिटं लागायची. ती माझ्या चार नंबरच्या खिडकीवर क्षणात आली. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या हातात चहा होता, म्हणून मी वाचलो.

"प्रत्येक जोडणीत प्राण असतो," बाबा म्हणाले, "तो अडकला की यंत्र गुदमरतं." मग त्यांनी ताईंकडे बोट केलं. "या बाईंचा पायगुण त्याला सोसत नाही."

ताई म्हणजे यंत्राच्या ऑपरेटर, बावीस वर्षं त्याच खोलीत. त्या आठवड्यात बाबा रोज संध्याकाळी मणी घेऊन गेले की यंत्र पुन्हा रेंगाळायचं, आणि तेव्हा खोलीत ताईच असायच्या. साहेबांना एवढा पुरावा पुरला. शनिवारपासून ताईंची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत, असं ठरलं. मला भयंकर संताप आला. शिकली-सवरलेली माणसं एका बाईवर खापर फोडायला किती चटकन तयार होतात!

ताईंची एक सवय होती. यंत्र स्वतःचे आकडे साठवत असलं तरी कोणता प्रोसेसर किती राबतोय ते त्या दर तासाला वहीत लिहायच्या. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली होती. गुरुवारी त्यांनी ती वही माझ्यापुढे उघडली. मुख्य प्रोसेसरांच्या जोडीला तीन वर्षांपूर्वी एक सहायक प्रोसेसर बसवला होता. त्याच्या रकान्यात तीन वर्षं शून्य, आणि बाबा असताना साठ टक्के.

"याला कामाला लावतंय कोण, ते बघायचंय," ताई म्हणाल्या. "मला एक बटाटा आणून दे."

शुक्रवारी बाबा साहेबांच्या केबिनमध्ये दूध प्यायला गेले, तेवढ्यात मी फडक्यात अदलाबदल केली. बाबांनी भक्तिभावाने बटाटा माथ्यावर ठेवला. माहिती क्षणात आली. लोकांनी बटाट्याला नमस्कार केला, साहेबांनी तर जरा वाकूनच.

मग ताईंनी फडकं सोडून बटाटा सगळ्यांना दाखवला. "आता खरा मणी ठेवा," त्या शांतपणे म्हणाल्या, "फक्त शिष्याने रोज संध्याकाळी करतो तसं सगळं पूर्ववत करून लॅपटॉप मिटायचा." साहेबांनी डोळे वटारल्यावर शिष्याने ते केलं. मणी ठेवला. दोन मिनिटं गेली, बाबांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा कुठे माहिती उगवली.

ताईंनी यंत्राची नोंद साहेबांपुढे धरली. खिडक्यांची विचारणा यंत्राच्या आतल्या वाटेने डेटाबेसकडे जायची, आणि त्या वाटेचं काम तुंबलेल्या मुख्य प्रोसेसरांनीच करायचं, असा नियम. तीच विचारणा नेटवर्कच्या वाटेने आली, तर बराच भार सहायकाला उचलता येतो. साहेबांनी जप मोजायला म्हणून दिलेल्या पासवर्डने शिष्य सकाळी वाट बदलायचा आणि संध्याकाळी पुन्हा जुनी करायचा. बाबा पूर्वाश्रमी डेटाबेसचंच काम करत, हे नंतर कळलं.

साहेबांनी बदलीचा कागद फाडला आणि सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली. ताईंचे डोळे भरून आले.

"माझंही चुकलंच," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं शून्य लिहीत राहिले, ते शून्य का, हे एकदाही विचारलं नाही."

माझं एवढंच म्हणणं आहे. न कळणारं काही दिसलं, तर हात जोडायच्या आधी हे कसं झालं, असं विचारा. मणी काढून बघा, बटाटा ठेवून बघा. आणि कुणी एखाद्या बाईच्या पायगुणाकडे बोट दाखवलं, तर त्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी पाहा.

ताईंनी नवी वाट कायमची केली. त्या दिवशी वहीत त्यांनी लिहिलं: सहायक, बासष्ट टक्के. कारण माहीत आहे.