वाढत्या डोक्याचं

मी हेल्मेट बोलतोय. दचकू नका, मी मोटारसायकलवरचा नव्हे. त्या माझ्या भावंडांना कोल्हापुरात फारसं कोणी विचारत नाही, हे मला पुढे कळलं. मी उचगावच्या तेजस्वीचा. तिच्या डोक्यावर बसलो तेव्हा ती पाच महिन्यांची होती.

तेजस्वी दिवस भरण्याआधीच जन्मली. आधी काचेच्या पेटीत आणि मग घरीही ती उजवीकडे मान टाकूनच झोपायची. बाळाची कवटी मऊ असते. तिचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालं, उजवा कानही जरा पुढे सरकला. मानेचे व्यायाम झाले, पालथं घालून खेळवणं झालं, फरक थोडाच पडला. "आता हेल्मेट लावून बघू," डॉक्टर म्हणाले, "पण उशीर नको. कवटी झपाट्यानं वाढते ती याच महिन्यांत."

माझा जन्म शाहूपुरीतल्या एका छोट्या कार्यशाळेत झाला. कमरेचे पट्टे, कृत्रिम पाय, असले माझे शेजारी. तिथल्या संघप्रियाताईंनी तेजस्वीच्या डोक्याचा साचा केला आणि मग एक गंमत केली. साचा जिथे चपटा होता, तिथे प्लास्टर थापून त्याला गोल केलं आणि त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढून मला घडवलं. म्हणून डोकं जिथे फुगीर तिथे मी टेकतो, आणि जिथे चपटं तिथे माझ्या आत जागा मोकळी. डोकं वाढता वाढता त्या जागेत शिरतं. म्हणजे माझं खरं काम काय, तर तिथे काहीच नसणं. इतकी सोपी नोकरी कोणाला मिळते?

रात्रंदिवस मी तिच्या डोक्यावर, आंघोळीपुरती सुट्टी. तिथून माणसं बघायला मोठी मजा येई. भेटेल तो विचारी, "पोरगी पडली काय?" तेजस्वीचे बाबा पृथ्वीराज मोटारसायकलवरून आले, की कोपऱ्यावरचे आण्णा हमखास म्हणत, "बापाचं डोस्कं उघडं आणि लेकीला हेल्मेट. भारीच की." बाबा नुसते हसत. एवढ्याशा डोक्याची गावाला इतकी काळजी, मग स्वतःच्या डोक्याची का नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सगळ्यात जास्त कुतूहल मला तेजस्वीच्या आज्जीचं, धोंडुबाईचं. आई निशिगंधा शाळेत शिकवायला गेली, की बाळाची आंघोळ, मला पुसणं, पुन्हा चढवणं, सगळं तिच्याकडे. पहिल्याच आठवड्यात तिनं मला उलटं धरलं आणि आत बोट फिरवलं. बोट मोकळ्या जागेत थांबलं.

"हितं ढिलं हाय की," ती पुटपुटली. "लेकराचं डोस्कं आदळंल."

तिनं जुन्या सुती लुगड्याची मऊ घडी करून तिथे नीट बसवली. संध्याकाळी ती घामानं भिजलेली असे, म्हणून निशिगंधा यायच्या आत काढून धुवायला टाकी. दुसऱ्या दिवशी नवी घडी. यात लपवाछपवी काही नव्हती. झबल्याला बंद लावावा, तितकंच ते तिला साधं वाटत होतं, सांगायचं काय त्यात?

माझा मात्र जीव कासावीस व्हायचा. रोज ते डोकं वाढू बघे आणि रोज लुगड्याला अडे. माझ्याकडे बोलायला तोंड नाही, नुसता हनुवटीखालचा पट्टा आहे.

तपासणीला संघप्रियाताईंनी माप घेतलं, परत घेतलं. "फरक दिसत नाही. काढून ठेवता का?" निशिगंधाचा चेहरा उतरला. घरी आल्या आल्या तिनं सासूला विचारलं, "आत्या, मी नसताना हेल्मेट काढता का तुम्ही?"

धोंडुबाईला ते फार लागलं. "आंगुळ सोडून घटकाभरबी काढत न्हाई मी. फुडच्या बारीला मीच येतो. त्या बाईला तोंडावर सांगतो."

आणि ती खरंच आली. माप पुन्हा जवळजवळ तेच. संघप्रियाताईंनी माझ्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "डोकं इथं यायला पाहिजे होतं, आजी."

"तितं कसं यील? तितं मी रोज कापड भरतो की. ढिलं हुतं."

निशिगंधानं डोळे मिटून घेतले. आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण संघप्रियाताईंनी खुर्ची जवळ ओढली.

"आजी, तेजस्वीची झबली कोण शिवतं?"

"मीच शिवतो."

"अगदी मापाला माप?"

"छ्या. वाढत्या अंगाची."

"मग हे वाढत्या डोक्याचं हाय."

धोंडुबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजी मी लेकराला वाढूच दिलं न्हाई."

त्या दिवसापासून माझ्या आत कापडाचा धागाही गेला नाही. पुढच्या तपासण्यांना माप हलू लागलं. माझी मोकळी जागा हळूहळू भरत गेली, आणि नोकरी संपत आल्याचा इतका आनंद मला होईल असं वाटलं नव्हतं. मी उतरलो तेव्हा डोकं पुष्कळ गोल झालं होतं. थोडा चपटेपणा राहिला. गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. आता केसांमुळे तो दिसत नाही, पण तेजस्वी मांडीवर आली की आज्जीचा तळहात बरोबर तिथेच जातो.

हल्ली मी कपाटावर असतो. झबली, टोपडी, दुपटी सगळी भावकीतल्या बाळांना गेली. बाळाला वापरलेलं घालायची आपल्याकडची रीतच. परवा गारगोटीहून धोंडुबाईच्या भाचीचा फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. "मावशे, आमच्या नातवाचं डोस्कं मागनं चपटं वाटतंय. तुमचं हेल्मेट रिकामं असंल तर द्या की."

आता माझी पाठवणी होते की काय, म्हणून मी कान टवकारले. धोंडुबाईनं मला खाली काढून मांडीवर घेतलं.

"हे न्हाई देणार. हे एकाच डोस्क्याचं हाय, दुसऱ्याला चालत न्हाई. तू उद्याच लेकराला डॉक्टरला दाव. कदाचित नुसती कुशी बदलून भागंल. पर थांबू नगो."

तुम्हाला माझीही विनंती एवढीच आहे.

"तेजस्वीचं झालं न्हवं बरं?" पलीकडून प्रश्न आला.

"झालं की." तिचा हात माझ्या आत त्या जागेवर होता. "जरा राह्यलं. ते माझ्या हातनं राह्यलं."