छत्रीच्या कापडाचा झेंडा

कावळ्याचं घरटं कुणी कौतुकानं बघत बसतं का? पण लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खानावळ चालवणारी सुंदराबाई बसायची. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून झालेल्या आंदोलनात, जानेवारीतल्या गोळीबारात तिचा एकुलता एक मुलगा लवू गेला, तेव्हापासून ती गॅलरीत पाऊल टाकत नव्हती. मेमध्ये समोरच्या डेरेदार भेंडीच्या झाडावर कावळ्यांच्या जोडीनं तारा, काटक्या, खराट्याच्या काड्या आणून संसार मांडला, आणि ही बाई हळूहळू कठड्याशी येऊन उभी राहू लागली.

आई कोण, बाप कोण, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. जी बसून राहते ती आई, असा सुंदराबाईचा सरळ हिशेब. पिल्लं निघाली. अंगावर धड पीस नाही, नुसती उघडी लाल तोंडं. तरी तिला ती देखणी वाटत. खानावळीतली माणसं जेवायच्या आधी भाताचा एक गोळा कठड्यावर जाऊ लागला.

जूनमध्ये मुंबई दिल्लीच्या ताब्यात ठेवणार असं जाहीर झालं आणि आंदोलनाच्या समितीच्या हाकेवरून चाळीनं घरोघर काळे झेंडे लावायचं ठरवलं. पहिला झेंडा अर्थातच लवूच्या घरावर, आणि तो बांधायचा मान कोंडीरामचा. कोंडीराम गिरणीतला, लवूचा जिवलग, याच खानावळीत जेवणारा. लवू गेल्याची बातमी घेऊन जिना चढला होता तोच. काळं कापड मिळेना, तर या पठ्ठ्यानं पावसाळा तोंडावर असताना स्वतःची छत्री फाडली! झेंडा कठड्याला बांधून तो पहिल्या पाळीला गेला.

वारा पडलेला होता. टोकंटोकं निघालेलं ते कापड काठीवरून नुसतं लोंबत राहिलं. घटकाभरात कावळ्यांनी एकच कल्लोळ केला. भेंडीवर, कौलांवर, तारांवर लालबागभरचे कावळे जमले. चाळीला कोण आनंद झाला!

"अरे, कावळेपण समितीत आले!" म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या.

सुंदराबाईही हसली. मग तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून पिल्लांच्या तोंडात कुणी घास घातलेला नाही. आई घरट्यात बसतच नव्हती. ती कापडाजवळ येई, ओरडे, मागं फिरे, पुन्हा येई. दुपारपर्यंत पिल्लांच्या माना पडायला लागल्या. सुंदराबाईनं त्या कापडाकडे नीट पाहिलं. पंख पसरून उलटा टांगलेला मेलेला कावळाच दिसत होता तो.

तिनं गाठीला हात घातला. पण लवूच्या नावाचा झेंडा तो, हात मागं आला. थोड्या वेळानं ती पुन्हा उठली आणि तिनं गाठ सोडली. कापड हातात येताच कावळी तिच्या डोक्यावर आदळली. कावळीच्या लेखी मेलेला कावळा हातात धरणारी हीच मारेकरीण. सुंदराबाई आत आली तेव्हा कपाळावरून रक्त ओघळत होतं.

पाळी सुटल्यावर कोंडीराम आला. रिकामा कठडा बघून तो तापला.

"काकी, झेंडो कित्याक काढलंस? सगळ्या चाळीवर आसा, आणि लवूच्याच घरावर नाय? लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. त्या कावळीक वाटला, तिचाच कोणतरी मेला. पोरांक घास घालूक इसारली ती."

"कावळ्यासाठी? लवूपेक्षा कावळो मोठो?"

"कोंड्या, तू जिनो चढत होतंस, तेव्हा मी देवाक सांगत होतंय, की ह्यो म्हणांदे, काकी, तो लवू न्हय, दुसरो कोणतरी आसा. माका तसा सांगूक कोण इलो नाय. हिका तरी सांगूक येता. मगे सांगू नको?"

कोंडीराम खाली बसला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. झेंडा त्यानं चाळीच्या मागच्या अंगाला नेऊन बांधला.

कावळी पुन्हा घास आणू लागली, पण सुंदराबाईला मात्र ती विसरली नाही. बाई दारात दिसली, की अंगावर धावून यायची. भाताचा गोळा आता कोंडीराम ठेवायचा, आणि सुंदराबाई खिडकीच्या फटीतून बघायची. "ज्या बायेन वाचवल्यान, तिच्याच मुळावर!" म्हणून तो चडफडायचा.

एका सकाळी पहिलं पिल्लू धडपडत फांदीवरून उडालं आणि समोरच्या कौलावर जाऊन बसलं. सुंदराबाईला राहवलं नाही, ती गॅलरीत आलीच. कावळीनं झेप घेतली. सुंदराबाई हटली नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती तिथंच उभी राहिली आणि रडत रडत म्हणाली, "मार गे बाये, मार. पोरां जिती आसत ना तुझी!"